पडद्यामागची मोजदाद : मोबाइल अ‍ॅपमधील ‘स्क्रीन व्ह्यू’

जानेवारी २०१० च्या अखेरीस अ‍ॅपल कंपनीने आयपॅड जगासमोर आणला. त्याच्या काही दिवस आधी फ्लरी या मोबाइल विश्लेषण कंपनीने एक निष्कर्ष जाहीर केला होता. अ‍ॅपलच्या क्युपर्टिनो येथील मुख्यालयाच्या आवारात बाजारात नसलेली, टॅब्लेटसारखी सुमारे ५० यंत्रे वापरात असल्याचे फ्लरीने म्हटले होते. यासाठी कोणी हेरगिरी केली नव्हती. अ‍ॅपलचे अभियंते नव्या यंत्रावर बाहेरच्या विकासकांची अ‍ॅप चालवून पाहत होते. त्या अ‍ॅपमध्ये वापराची नोंद ठेवणारी फ्लरीची आज्ञावली बसवलेली होती आणि ती आपले काम निमूटपणे करीत होती. त्याच वर्षी जूनमध्ये एका जाहीर परिषदेत स्टीव्ह जॉब्ज यांनी या प्रकाराबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप केवळ माहिती दाखवत नाही, तर ती कोण आणि कशी पाहतो याची नोंदही ठेवते, ही गोष्ट या प्रसंगाने अनेकांच्या प्रथमच ध्यानात आली.

या नोंदींचे सर्वांत मूलभूत एकक म्हणजे ‘स्क्रीन व्ह्यू’. वापरकर्त्यासमोर अ‍ॅपमधील एखादा पडदा आला की त्या पडद्याच्या नावे एक नोंद होते. वरवर पाहता ही मोजणी अगदी सोपी वाटते. प्रत्यक्षात पडदा कशास म्हणावे, तो ‘पाहिला’ असे केव्हा धरावे आणि त्याला नाव कोणते द्यावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अ‍ॅप बनवणाऱ्यालाच द्यावी लागतात. ती चुकली, तर आकडे दिसतात नेटके आणि निर्णय होतात चुकीचे.

‘हिट’पासून ‘स्क्रीन’पर्यंत

या मोजणीची मुळे संकेतस्थळांच्या इतिहासात आहेत. नव्वदच्या दशकात संकेतस्थळाची लोकप्रियता ‘हिट’ या मापाने सांगितली जाई. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक मागणी म्हणजे एक हिट. एका पानावर दहा चित्रे असतील तर ते पान एकदा उघडताच अकरा हिट नोंदवले जात. चित्रे वाढवली की लोकप्रियता वाढे! हा फोलपणा लक्षात आल्यावर ‘पेज व्ह्यू’, म्हणजे पूर्ण पान किती वेळा पाहिले गेले, हे माप रूढ झाले. गुगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये गुगल अ‍ॅनालिटिक्स ही सेवा सुरू केली. त्यानंतर हे माप लहानसहान संकेतस्थळांच्याही हाती आले.

जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर उघडले. पाठोपाठ अँड्रॉइडचा बाजारही सुरू झाला आणि नवी अडचण उभी राहिली. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो, तोच मोजणीचा आधार. अ‍ॅपमधील पडद्यांना असा पत्ता नसतो. आरंभी यावर तात्पुरता तोडगा निघाला. गुगलच्या अ‍ॅपसाठीच्या पहिल्या साधनांत विकासक प्रत्येक पडद्याला एखादा कल्पित पत्ता देत आणि तो पडदा जणू संकेतस्थळाचे पानच आहे असे समजून मोजणी करीत. पुढे अ‍ॅपचा वापर वेगळ्या स्वभावाचा आहे हे स्पष्ट झाले आणि ‘पेज व्ह्यू’पासून ‘स्क्रीन व्ह्यू’ वेगळा काढला गेला.

गुगलने २०१४ मध्ये फायरबेस ही कंपनी विकत घेतली. मे २०१६ मध्ये तिच्या नावाने नवी विश्लेषण सेवा आली. तिच्यात प्रत्येक गोष्ट ‘घटना’ या एकाच साच्यात बसवण्यात आली. अ‍ॅप प्रथम उघडणे ही घटना, खरेदी ही घटना, तसेच पडदा दिसणे हीदेखील एक घटना. अ‍ॅपसाठीची जुनी साधने ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीपासून बंद होत गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये गुगल अ‍ॅनालिटिक्सची चौथी आवृत्ती आली आणि संकेतस्थळ व अ‍ॅप यांची मोजणी एकाच छताखाली आली. या क्षेत्रात गुगल एकटी नाही. मिक्सपॅनेल, अ‍ॅम्प्लिट्यूड, अडोबी, मुक्त स्रोत पद्धतीची मटोमो (पूर्वीची पिविक) आणि २०१३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली क्लेव्हरटॅप ही त्यांपैकी काही नावे. प्रत्येकीची परिभाषा थोडी निराळी असली, तरी मूळ प्रश्न सर्वांपुढे सारखेच आहेत.

नोंद होते कशी?

अँड्रॉइडमध्ये पडद्याचा मूळ घटक ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ या नावाने ओळखला जातो. तो निर्माण होतो, समोर येतो, मागे पडतो आणि नष्ट होतो. या प्रत्येक अवस्थेत प्रणाली त्याला सूचना देते. पडदा वापरकर्त्याच्या पुढ्यात येताना ‘ऑनरिझ्यूम’ आणि बाजूला होताना ‘ऑनपॉज’ अशी हाक दिली जाते. आयफोनमध्ये हेच काम ‘व्ह्यूडिडअपिअर’ व तिच्या जोडीच्या सूचना करतात. विश्लेषणाची आज्ञावली या हाकांकडे कान लावून बसलेली असते. आयफोनवर तर ती आणखी एक युक्ती योजते. चालू अ‍ॅपमधील मूळ कृतीच्या जागी ती स्वतःची कृती बसवते, नोंद करून घेते आणि मग मूळ कृतीला वाट मोकळी करून देते. त्यामुळे विकासकाने एक ओळही न लिहिता बरीचशी मोजणी आपोआप होते.

झालेली नोंद लगेच सर्व्हरकडे जातेच असे नाही. प्रत्येक पडद्यागणिक संपर्क साधला तर बॅटरी आणि डेटा दोन्हींचा अपव्यय होईल. म्हणून फायरबेससारख्या सेवेत नोंदी भ्रमणध्वनीतच साठवल्या जातात आणि साधारणपणे तासाभराने एकत्र पाठवल्या जातात. घाटात किंवा बोगद्यात संपर्क तुटला तरी नोंद वाया जात नाही. संपर्क आल्यावर ती रवाना होते. तथापि यालाही मुदत आहे. गुगल अ‍ॅनालिटिक्स ७२ तासांहून अधिक उशिरा पोचलेल्या नोंदी विचारात घेत नाही. यास्तव ‘काल’ची आकडेवारी आज सकाळी पाहून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. ती पुढील दोनतीन दिवस थोडीफार बदलत राहते.

पडदा एक, नोंदी अनेक

मोजणीतील गुंता एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका बातम्यांच्या अ‍ॅपमध्ये वाचकाने प्रथम मुखपृष्ठ पाहिले. तेथून शहराच्या बातम्यांची यादी उघडली, एक बातमी वाचली, मागे येऊन पुन्हा यादी पाहिली आणि दुसरी बातमी उघडली. येथवर पाच स्क्रीन व्ह्यू झाले: मुखपृष्ठ एकदा, यादी दोनदा आणि बातमी दोनदा. इतक्यात दूरध्वनी आला. बोलणे आटोपून वाचक पुन्हा त्याच बातमीवर परतला. हा सहावा स्क्रीन व्ह्यू मानायचा की नाही? दोन्ही उत्तरांच्या बाजूने बोलता येते. मात्र एकदा ठरवलेली रीत पुढे तशीच पाळली पाहिजे. आज पाच आणि पुढील आवृत्तीत सहा अशी मोजणी झाली, तर काहीही न बदलता वापर २० टक्क्यांनी वाढल्याचा भास होईल.

याच उदाहरणात यादी ‘दोनदा पाहिली गेली’ आणि ‘एका व्यक्तीने पाहिली’ ही दोन्ही विधाने खरी आहेत. पहिल्या विधानातील आकडा स्क्रीन व्ह्यूचा आहे, दुसऱ्यातील वापरकर्त्यांचा. या दोहोंमध्ये गल्लत होणे ही नेहमीची चूक होय. तिसरे माप ‘सत्रा’चे. वापरकर्ता सलग काही काळ अ‍ॅपमध्ये वावरला की ते एक सत्र. गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ३० मिनिटे काहीच हालचाल झाली नाही तर सत्र संपले असे एरवी धरले जाते. सत्र १० सेकंदांहून अधिक चालले, त्यात दोन किंवा अधिक पडदे पाहिले गेले किंवा एखादी महत्त्वाची घटना घडली, तर ते ‘सहभागाचे’ सत्र मानले जाते.

वेळेच्या बाबतीत मात्र अ‍ॅपची मोजणी संकेतस्थळाच्या जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. पूर्वी एका पानावर किती वेळ घालवला हे पुढचे पान उघडण्याच्या वेळेवरून काढले जाई. साहजिकच शेवटच्या पानाचा वेळ शून्य धरला जाई, मग तेथे वाचक अर्धा तास का रमलेला असेना. अ‍ॅपमध्ये पडदा समोरून हटताना सूचना मिळते. त्यामुळे तो प्रत्यक्ष किती काळ दिसत होता हे मिलिसेकंदांत सांगता येते.

आपोआप मोजणीचे सापळे

आपोआप होणारी नोंद सोयीची असली, तरी तिच्यावर डोळे झाकून विसंबणे धोक्याचे आहे. २०११ मध्ये अँड्रॉइडच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘फ्रॅगमेंट’ ही कल्पना आली. एकाच अ‍ॅक्टिव्हिटीत अनेक भाग आलटून पालटून दाखवता येऊ लागले. वापरकर्त्याला दहा वेगळे पडदे दिसतात, पण अ‍ॅक्टिव्हिटी एकच असल्याने आपोआप मोजणाऱ्या आज्ञावलीला एकच दिसतो. फ्लटरसारख्या साधनांनी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये ही अडचण आणखी ठळक होते. तेथे सबंध अ‍ॅप बहुधा एकाच अ‍ॅक्टिव्हिटीत सामावलेले असते. अहवालात एकच नाव शेकडो वेळा झळकते आणि त्यातून काहीच बोध होत नाही. अशा वेळी एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या क्रियेवर लक्ष ठेवणारा वेगळा निरीक्षक बसवावा लागतो.

आयफोनवरील सापळा निराळा आहे. २०१९ मधील आयओएस १३ पासून अनेक पडदे पूर्ण जागा न व्यापता पत्त्याच्या पानासारखे खालून वर सरकतात. मागचा पडदा थोडासा दिसत राहतो. प्रणालीच्या लेखी तो बाजूला झालेलाच नसतो. म्हणून वरचे पान बंद केल्यावर मागच्या पडद्याला ‘पुन्हा समोर आलास’ ही सूचनाही मिळत नाही. परिणामी वापरकर्ता परत आल्याची नोंदच होत नाही आणि पुढचा सारा वेळ भलत्याच पडद्याच्या खात्यावर जमा होऊ शकतो.

म्हणून जाणकार विकासक आपोआप होणारी नोंद बंद करून महत्त्वाच्या पडद्यांची नोंद स्वतः लिहितात. फायरबेसमध्ये तशी सोय आहे. परंतु दोन्ही पद्धती एकाच वेळी चालू राहिल्या, तर एकाच भेटीच्या दोन नोंदी होतात आणि आकडे फुगतात. बदल केल्यानंतर एक भ्रमणध्वनी हाती घेऊन, चाचणीच्या अवस्थेत, पडदा उघडताच कोणती नोंद उमटते हे प्रत्यक्ष ताडून पाहणे हाच यावरचा खात्रीचा उपाय होय.

नावात काय आहे?

स्क्रीन व्ह्यूच्या बाबतीत नावातच सारे काही आहे. पडद्याचे नाव त्याच्या मथळ्यावरून आपोआप घेण्याचा मोह अनेकांना होतो. अ‍ॅप मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत असेल, तर एकाच पडद्याची तीन नावे होतात आणि अहवालात तो तीन ओळींत विभागला जातो. मराठी वाचक कोणता पडदा अर्धवट सोडून जातात हे शोधायचे असेल, तर पडद्याचे नाव सर्व भाषांत एकच ठेवावे आणि भाषेची नोंद वेगळ्या रकान्यात करावी.

दुसरी चूक म्हणजे नावात बातमीचा किंवा वस्तूचा क्रमांक घालणे. असे केल्यास जितक्या बातम्या तितके पडदे होतात. गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये एखाद्या रकान्यात एका दिवसात ५०० हून अधिक वेगळी मूल्ये आली, तर तो रकाना ‘अतिविविध’ गणला जातो. अहवालाची मर्यादा ओलांडली की उरलेल्या नोंदी ‘इतर’ या एकाच ओळीत कोंबल्या जातात. ‘बातमी तपशील’ हे एकच नाव आणि क्रमांक स्वतंत्र रकान्यात, ही मांडणी अधिक शहाणपणाची.

तिसरी चूक सर्वांत गंभीर. ‘नमस्कार, अमुक अमुक’ असा मथळा असलेला पडदा त्याच नावाने नोंदवला गेला, तर वापरकर्त्याचे नाव थेट तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पोचते. व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती पाठवण्यास गुगलच्या नियमांनीही मनाई आहे.

आकडा मोठा, अर्थ कोणता?

एखादा पडदा पुष्कळदा पाहिला जातो म्हणजे तो लोकांना आवडतो, हे अनुमान बरोबर असेलच असे नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ या पडद्याची लोकप्रियता वाढत असेल तर ती आनंदाची वार्ता नव्हे. मदतीच्या पडद्याकडे लोक वारंवार वळत असतील, तर अ‍ॅपची रचना कोठेतरी अडवते आहे असे समजावे. म्हणून एकेका पडद्याच्या आकड्यापेक्षा पडद्यांचा क्रम महत्त्वाचा असतो.

समजा, एका अर्जाचे तीन पडदे आहेत. पहिल्यावर १,००० जण आले, दुसऱ्यावर ६०० आणि तिसऱ्यावर ५८०. गळती पहिल्या व दुसऱ्या पडद्यांच्या मध्ये आहे हे लगेच कळते. पहिल्या पडद्यावर असे काय विचारले आहे की ४०० जण तेथूनच मागे फिरले, हा प्रश्न विचारता येतो. आता दुसऱ्या पडद्याची नोंदच तांत्रिक चुकीमुळे होत नसेल, तर हाती फक्त १,००० आणि ५८० हे आकडे उरतात. मग तिसरा पडदाच सदोष आहे असे समजून तो नव्याने बांधण्यात महिने खर्ची पडू शकतात. अर्ज शिष्यवृत्तीचा किंवा विम्याचा असेल, तर मधल्या काळात मागे फिरणाऱ्यांचे नुकसान चालूच राहते. मोजणीतील चूक ही केवळ मोजणाऱ्याची अडचण नसते, ती अशी इतरांच्या पदरी येते.

पडद्याचे नाव आणि माणसाचे गुपित

पडद्याचे नाव निरुपद्रवी दिसते, पण ते कोणत्या अ‍ॅपमधील आहे यावर सारे अवलंबून असते. कर्जफेडीच्या मुदतवाढीचा पडदा, नैराश्याच्या चाचणीचा पडदा, गर्भधारणेच्या आठवड्यांचा पडदा यांची नुसती नावेही वापरकर्त्याच्या आयुष्याबद्दल बरेच काही सांगून जातात.

हा धोका काल्पनिक नाही. मासिक पाळी व गर्भधारणेची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या अ‍ॅपविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. माहिती खासगी ठेवण्याचे आश्वासन देऊनही ती फेसबुक व गुगलसह इतर कंपन्यांच्या विश्लेषण व जाहिरात विभागांकडे गेली, असा आरोप होता. ही माहिती अ‍ॅपमधील ‘घटनां’च्या रूपाने गेली होती आणि काही घटनांच्या नावांतच गर्भधारणेचा उल्लेख होता. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीनुसार आरोग्याची माहिती इतरांना देण्यापूर्वी स्पष्ट संमती घेण्याचे बंधन कंपनीवर आले. त्यापूर्वी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, काही नामांकित अ‍ॅप वापरकर्त्याच्या पडद्यावरील हालचाली त्याच्या नकळत चित्रित करीत असल्याचे टेकक्रंचने उघडकीस आणले होते. असे चित्रण थांबवावे अथवा तशी स्पष्ट सूचना देऊन संमती घ्यावी, असे अ‍ॅपलने तेव्हा विकासकांना बजावले. पडद्याचे नाव नोंदवणे आणि पडदाच टिपणे यांत फार मोठे अंतर आहे, परंतु अ‍ॅप वापरणाऱ्याला ते बाहेरून दिसत नाही.

कायद्याची चौकट

युरोपात मे २०१८ पासून माहिती संरक्षणाचे कडक नियम लागू झाले. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ पासून अ‍ॅपलने इतर कंपन्यांच्या अ‍ॅप व संकेतस्थळांवर वापरकर्त्याचा माग काढण्यापूर्वी त्याची परवानगी विचारणे बंधनकारक केले. ही अट अ‍ॅपच्या आतील, स्वतःपुरत्या मोजणीला थेट लागू होत नाही, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील, अशी टप्प्याटप्प्याची योजना त्यात आहे. सुरक्षेच्या वाजवी उपायांत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास, सरकारने सूट दिलेल्या बाबी वगळता, बंदी आहे. मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी ही त्यांपैकीच एक आहे. कोणती माहिती आणि कशासाठी गोळा होते, हे मराठीत विचारण्याचा हक्क आता कायद्याने मान्य केला आहे.

लक्षात ठेवावे असे

- पडद्यांची यादी आधी कागदावर करावी. नावे थोडकी, स्थिर आणि भाषानिरपेक्ष असावीत.
- नावात व्यक्तीची, आजाराची वा आर्थिक स्थितीची खूण नसावी.
- आपोआप आणि हाताने लिहिलेली अशा दोन्ही नोंदी एकाच पडद्यासाठी ठेवू नयेत.
- मोजणीची रीत बदलल्यास त्याची तारीख नोंदवून ठेवावी. तिच्या आधीच्या व नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.
- स्क्रीन व्ह्यू, वापरकर्ते आणि सत्रे ही तीन मापे वेगळी आहेत हे अहवालात स्पष्ट लिहावे.
- जी नोंद कोणत्याही निर्णयासाठी वापरली जाणार नाही, ती गोळाच करू नये.

यांतील शेवटचा नियम पाळायला सर्वांत सोपा, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. साठवण स्वस्त झाली आहे, म्हणून ‘पुढे कधी उपयोगी पडेल’ या समजुतीने सारे काही टिपले जाते. परंतु न टिपलेली माहिती चोरीला जात नाही, चुकून तिसऱ्याच्या हाती पडत नाही आणि तिच्यासाठी कोणाची संमतीही मागावी लागत नाही. वापरकर्त्याने विश्वासाने उघडलेल्या पडद्यामागे किती आणि काय मोजायचे, याचा विवेक शेवटी मोजणाऱ्यालाच बाळगावा लागतो.